नाव, पुतळा आणि पेन्शन : सेप्टिमा क्लार्क यांचं काम समजून घेताना

२८ ऑगस्ट १९६३ रोजी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर अडीच लाखांच्या आसपास माणसं जमली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचं त्या दिवशीचं भाषण साऱ्या जगाला माहीत आहे. त्याच व्यासपीठावर त्याआधी झालेल्या एका छोट्या कार्यक्रमाची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. मोर्चाच्या नियोजन समितीत ॲना अर्नोल्ड हेजमन या एकट्याच बाई होत्या. मुख्य भाषणांच्या यादीत एकाही स्त्रीचं नाव नाही, हे पाहून त्यांनी लेखी हरकत घेतली. त्यावर तोडगा निघाला तो असा, की बायकांना भाषण द्यायचं नाही, पण लढणाऱ्या निग्रो स्त्रियांच्या गौरवाचा एक कार्यक्रम ठेवायचा. रोझा पार्क्स, डायन नॅश, डेझी बेट्स, ग्लोरिया रिचर्डसन अशी नावं पुकारली गेली. बेट्स यांना दोन-चार वाक्यं बोलायला मिळाली. गाण्यासाठी महालिया जॅक्सन होत्या. देशभरातल्या कृष्णवर्णीय स्त्री-संघटनांना एकत्र आणणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्ष डोरोथी हाइट पूर्ण वेळ व्यासपीठावर बसून होत्या. त्यांना बोलायला कुणी बोलावलं नाही.

त्या दिवशी बायकांना गौरव मिळाला आणि माइक मिळाला नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नेतृत्वाचा आज जिथे जिथे सन्मान होतो, म्हणजे पुतळे, रस्त्यांची नावं, पदकं, तिथे मला हा प्रसंग आठवतो. सन्मान नेमका कशाचा होतोय, हे विचारावंसं वाटतं. त्याचं उत्तर शोधायला सेप्टिमा क्लार्क यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. त्या दिवशी पुकारलेल्या नावांत त्या नव्हत्याच. वास्तविक दक्षिणेतल्या हजारो माणसांना मतदार यादीपर्यंत नेणारी यंत्रणा त्यांनी उभी केली होती.

हे काम कळायचं तर आधी अडचण काय होती ते कळायला हवं. अमेरिकेत वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती १८७० साली झाली. यादवी युद्धानंतरची ती वर्षं खरोखर आशेची होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा साउथ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय सभासद बहुसंख्य होते. फुल्यांचा आनंद पोकळ नव्हता. पण पुढच्या चारच वर्षांत गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी आणि दिल्लीत बसावं तसं वॉशिंग्टनमध्ये बसून तडजोडी करणाऱ्या पुढाऱ्यांनी मिळून ते सगळं उलटवलं.

१८९५ साली साउथ कॅरोलायनाने नवं संविधान केलं. ‘कृष्णवर्णीयांना मत नाही’ असं त्यात कुठेही लिहिलं नव्हतं, कारण तसं लिहिता येत नव्हतं. अट अशी होती, की मतदार व्हायचं तर संविधानातलं अधिकारी दाखवेल ते कलम वाचून आणि लिहून दाखवायचं, नाहीतर किमान ३०० डॉलर किमतीची मालमत्ता आपल्या नावावर असायला हवी. वाचणारा पास की नापास, हे नोंदणी अधिकारी ठरवणार, आणि तो गोराच असणार. एखादा उच्चार चुकला असं त्याला वाटलं, की विषय संपला. त्यातून ज्यांच्या आजोबा-आजींना अक्षर शिकवणं गुलामीच्या काळात गुन्हा होता, आणि ज्यांच्या स्वतःच्या शाळा वर्षातून काही महिनेच चालत, त्यांच्यासाठी ही परीक्षा होती. कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे, असं म्हणायची सोय ठेवून ठरावीक माणसांना बाहेर काढण्याची ही युक्ती होती. ती साठ-सत्तर वर्षं चालली.

सेप्टिमा पॉइन्सेट (लग्नानंतर क्लार्क) यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी याच राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात झाला. वडील गुलामीत जन्मलेले, आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. १९१६ साली त्या शिक्षिका झाल्या, पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक घेत नसत, मुलं कृष्णवर्णीय असली तरीही. म्हणून त्यांना शहराजवळच्या जॉन्स बेटावर जावं लागलं. दलदल, हिवताप, कापसाची शेतं, आणि गला नावाची स्वतःची बोली बोलणारी माणसं, असं ते बेट. तिथल्या शाळेत १३२ मुलं आणि दोन शिक्षिका होत्या. क्लार्कबाईंना पगार ३५ डॉलर. रस्त्याच्या पलीकडे गोऱ्यांच्या शाळेत तीन मुलं होती आणि त्यांच्या शिक्षिकेला ८५ डॉलर मिळत. ही तफावत त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या.

बेटावरच त्यांनी मोठ्या माणसांना संध्याकाळी अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली. चार्ल्स्टनला परतल्यावर एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत जाऊन दारोदार सह्या गोळा केल्या, आणि १९२० मध्ये शहरातल्या शाळा कृष्णवर्णीय शिक्षकांना खुल्या झाल्या. त्यांचे पती आरमारात आचारी होते. ते १९२५ मध्ये गेले. पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली होती, मुलाला सासरच्यांकडे ठेवावं लागलं. नोकरी करत करत त्यांनी १९४२ मध्ये पदवी घेतली, १९४६ मध्ये पदव्युत्तर पदवी. राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात असताना समान पगाराच्या खटल्यासाठी त्या राबल्या. एनएएसीपीचे वकील थरगूड मार्शल यांनी लढवलेला हा खटला शिक्षकांनी जिंकला.

मग १९५६ साल आलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दक्षिणेतली राज्यं चवताळली होती. साउथ कॅरोलायनाने कायदा केला, की सरकारी नोकराने एनएएसीपीचं सभासद असता कामा नये. सभासदत्व लपवणं सोपं होतं, कित्येकांनी लपवलं. क्लार्कबाईंनी अर्जावर सरळ लिहिलं की मी सभासद आहे. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि तिच्यासोबत पेन्शनही गेली. त्यांनी ७२६ शिक्षकांना पत्रं पाठवली, आपण मिळून विरोध करू म्हणून. उत्तरं आली २६. या अपयशाचा अर्थ त्यांनी जो लावला त्यात त्यांचं मोठेपण मला दिसतं. शिक्षकांना भित्रे म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. आपण लोकांना तयार न करताच पुढे उडी घ्यायला सांगितली, आधी तयारी व्हायला हवी होती, असं त्यांनी म्हटलं. पुढचं सगळं काम याच निष्कर्षावर उभं आहे.

टेनेसीच्या डोंगरात हायलँडर फोक स्कूल नावाची संस्था होती. गोरे आणि कृष्णवर्णीय तिथे एकत्र राहत, एका टेबलावर जेवत आणि आपापल्या गावच्या प्रश्नांवर चर्चा करत. दक्षिणेत हे जवळपास अशक्य मानलं जायचं. नोकरी जाण्याच्या आदल्या वर्षी, १९५५ च्या उन्हाळ्यात, क्लार्कबाईंनी तिथे घेतलेल्या एका शिबिराला अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीहून एक शांत, अबोल बाई आल्या होत्या. त्या रोझा पार्क्स. त्याच वर्षी १ डिसेंबरला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देऊन त्यांनी अटक ओढवून घेतली. एक दमलेली शिवणकाम करणारी बाई बसून राहिली आणि इतिहास घडला, असं ते आपल्याला शिकवलं जातं. पार्क्स तेव्हा बारा वर्षं एनएएसीपीचं काम करत होत्या. अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर बसवर बहिष्कार घाला असं सांगणारी हजारो पत्रकं छापून घेतली, आणि स्त्रियांच्या संघटनेने ती सकाळी गावभर वाटली. बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो या तयारीच्या बळावर.

नोकरी गेल्यावर हायलँडरचे संचालक माइल्स हॉर्टन यांनी क्लार्कबाईंना शिबिरांची प्रमुख म्हणून बोलावलं. इथे जॉन्स बेट पुन्हा गोष्टीत येतं. बेटावरचे इसॉ जेन्किन्स रोज सकाळी स्वतःची बस घेऊन कामगारांना चार्ल्स्टनला सोडत. ॲलिस वाइन नावाच्या एका प्रवासी बाईंनी त्यांना सांगितलं, मला मत द्यायचंय, पण वाचता येत नाही, तुम्ही शिकवाल का? जेन्किन्स बसमध्येच संविधानाची कलमं म्हणून घ्यायला लागले. वाइनबाईंनी त्यातला भाग तोंडपाठ केला आणि नाव नोंदवून आल्या. पण पाठांतराने सगळ्यांचं भागणार नव्हतं. वाइनबाईंनाही खरोखर वाचायला शिकायचं होतं.

७ जानेवारी १९५७ रोजी बेटावर पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. तिच्या प्रत्येक तपशिलामागे विचार होता. पुढे सहकारी किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. रात्री माणसं ये-जा करताना दिसली तरी गोऱ्यांना संशय यायला नको. जानेवारी-फेब्रुवारी निवडले, कारण तेव्हा शेतात काम कमी असतं. आठवड्यातून दोन रात्री. आणि शिकवायला कोण, तर बर्निस रॉबिन्सन. त्या क्लार्कबाईंच्या नात्यातल्या, केशरचना आणि शिवणकाम करणाऱ्या. शिक्षिका म्हणून अनुभव शून्य. त्या नको म्हणत होत्या.

क्लार्कबाईंनी मुद्दामच पेशाने शिक्षक असलेलं माणूस टाळलं होतं. पन्नाशी-साठीच्या माणसाला शाळामास्तर लहान मुलासारखं वागवतो, आणि ते माणूस दुसऱ्या रात्री येत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शिक्षकाचा पगार गोऱ्यांच्या मंडळाकडून यायचा, शेतमजुराचं घर जमीनदाराच्या मालकीचं असायचं, मोलकरणीची चूल गोऱ्या मालकिणीच्या मर्जीवर पेटायची. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं गिऱ्हाईक मात्र सगळं कृष्णवर्णीयच होतं. तिला कामावरून काढायला कुणी वरिष्ठच नव्हता. शिवाय तिच्या खुर्चीत बसून गावातली प्रत्येक बाई मन मोकळं करायची. चळवळीत पार्लरवाल्या बायका इतक्या का दिसतात, याचं उत्तर या आर्थिक स्वातंत्र्यात आहे. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो.

पहिल्या रात्री १४ प्रौढ आले. रॉबिन्सनबाईंनी प्राथमिक शाळेची पुस्तकं नेली होती, ती लगेच बाजूला ठेवली. तुम्हाला काय शिकायचंय, असं विचारलं. उत्तरं ठोस होती. स्वतःचं नाव लिहायचं, लष्करात असलेल्या मुलाला पत्र लिहायचं, बायबल वाचायचं, पोस्टाने वस्तू मागवायचा फॉर्म भरायचा, मनीऑर्डर भरायची. अभ्यासक्रम यातूनच तयार झाला. पुठ्ठ्यावर नाव लिहून त्यावरून पेन्सिल फिरवत हात बसवायचा. मतदार नोंदणीचा अर्ज फळ्यावर काढायचा आणि त्यातला एकेक शब्द सोडवायचा. गणित म्हणजे खताचा, कुंपणाच्या तारेचा, पेट्रोलचा हिशेब. भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि सांगितलं, वर्ग संपेपर्यंत हा तुम्ही वाचणार आहात. वर्ग संपेपर्यंत १४ चे ३७ झाले होते.

आसपासच्या बेटांनी आम्हालाही अशी शाळा हवी म्हटलं, आणि क्लार्कबाईंच्या डोक्यातला मोठा आराखडा सुरू झाला. शाळा काढायला बाहेरून कुणी जाणार नाही. गावाने आपल्यातलं माणूस निवडायचं, त्याला काही दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, परत जाऊन त्याने वर्ग घ्यायचा, आणि वर्गातून पुढचे शिक्षक निघायचे. लोक वाचायला शिकले की तिथेच थांबत नसत. रस्ता का नाही, दवाखाना का नाही, नोंदणी कार्यालय महिन्यातून इतके थोडेच दिवस का उघडतं, हे प्रश्न वर्गातच निघत.

राज्यकर्त्यांना हा धोका कळला. १९५९ मध्ये हायलँडरवर धाड पडली, क्लार्कबाईंना दारू बाळगल्याच्या आरोपाखाली पकडलं. त्या दारूला शिवतही नसत, आणि आरोप टिकलाही नाही. १९६१ मध्ये टेनेसीने संस्था बंद पाडली, पण त्याआधीच कार्यक्रम किंग यांच्या एससीएलसी संघटनेकडे सोपवला गेला होता. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात प्रशिक्षण सुरू झालं. डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग क्लार्कबाईंच्या जोडीला होते. साठी ओलांडलेल्या क्लार्कबाई दक्षिणभर बसने फिरून शिकाऊ शिक्षक आणायच्या. १९५७ ते १९७० या काळात ८९७ नागरिकत्व शाळा चालल्या.

या शाळांनी काय घडवलं, याची साक्ष म्हणजे फॅनी लू हॅमर. मिसिसिपीतल्या खंडकरी शेतकऱ्याच्या वीस मुलांतल्या त्या शेंडेफळ. सहाव्या वर्षापासून कापूस वेचलेल्या. १९६२ च्या ऑगस्टमध्ये, ४४ व्या वर्षी, त्या नाव नोंदवायला गेल्या. राज्यघटनेतल्या एका किचकट कायदेशीर कलमाचा अर्थ सांगायला लावून त्यांना नापास केलं. त्याच दिवशी जमीनदाराने त्यांना मळ्यावरच्या घरातून बाहेर काढलं. त्या पुन्हा गेल्या, आणि जानेवारी १९६३ मध्ये पास झाल्या. मग त्या स्वतःच नागरिकत्व शाळेच्या कामात आल्या. जून १९६३ मध्ये चार्ल्स्टनच्या प्रशिक्षणावरून परतताना विनोना गावी त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली आणि तुरुंगात इतकं मारलं, की मूत्रपिंड आणि डोळा कायमचे अधू झाले. पुढच्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. १९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतल्या या साक्षरता परीक्षा मोडीत काढल्या, त्यामागे अशा साक्षींचा दाब होता.

मत मिळाल्यावर हॅमर यांनी काय केलं तेही सांगायला हवं. मतदान केलं म्हणून कामावरून काढलेली कुटुंबं उपाशी होती. हॅमर यांनी डोरोथी हाइट यांच्या परिषदेच्या मदतीने डुकरांची बँक काढली. कुटुंबाने मादी न्यायची, पिल्लं झाली की काही पिल्लं बँकेला परत करायची, ती पुढच्या कुटुंबाला मिळायची. १९६९ मध्ये ४० एकरांवर सहकारी शेती सुरू झाली. ज्याच्या घरात स्वतःचं धान्य आहे त्याला मतावरून धमकावणं कठीण जातं, हे त्यांचं साधं आणि अचूक गणित होतं.

इतकं काम करूनही ही नावं मागे का राहिली? एक कारण उघड आहे. मोर्चाचा फोटो निघतो. पुठ्ठ्यावर नाव गिरवणाऱ्या साठीच्या बाईचा निघत नाही, आणि तो काढू न देण्यातच तिची सुरक्षितता होती. दुसरं कारण चळवळीच्या आतलं. क्लार्कबाई एससीएलसीच्या कार्यकारिणीत होत्या. ही बाई इथे कशाला, असं एक ज्येष्ठ सहकारी बैठकीत विचारायचे, हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. सगळे मोर्चे तुम्हीच काढू नका, गावोगावी नेते तयार होऊ द्या, असं पत्र त्यांनी किंगना लिहिलं. ते बैठकीत वाचलं गेलं आणि मंडळी हसली. किंगबद्दल त्यांना मनापासून आदर होता, १९६४ मध्ये नोबेल घ्यायला जाताना किंग त्यांना ऑस्लोला घेऊन गेले होते. पण चळवळीतल्या पुरुषांनी बायकांचं म्हणणं कधी गंभीरपणे घेतलं नाही, हे त्या उतारवयात मोकळेपणाने सांगत.

आता सन्मानांकडे बघू. मेरी मॅकलिओड बेथ्यून यांनी १९०४ मध्ये फ्लोरिडात पाच मुलींसह शाळा काढली, ती पुढे विद्यापीठ झाली. हाइट यांची परिषदही मूळ त्यांनीच १९३५ मध्ये स्थापलेली. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन उद्यानात त्यांचा पुतळा उभा राहिला, तो परिषदेच्या बायकांनी वर्षानुवर्षं पैसे जमवून उभारला. जुलै २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या पुतळ्यांच्या दालनात फ्लोरिडाने आपला प्रतिनिधी म्हणून त्यांचा पुतळा बसवला, आणि त्याच्यासाठी गुलामीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा हलवला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे जागा मर्यादित आहे आणि कुणाला तरी उठवल्याशिवाय दुसऱ्याला बसवता येत नाही. हॅमर यांना देशाचं सर्वोच्च नागरी पदक जानेवारी २०२५ मध्ये मिळालं. त्या १९७७ मध्येच वारल्या होत्या.

क्लार्कबाईंच्या नावाने चार्ल्स्टनमध्ये एक मोठा रस्ता आहे. १९६० च्या दशकात तो बांधताना कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मधोमध कापल्या गेल्या, घरं पडली. मोठा पाऊस झाला की तिथे पाणी तुंबतं. शहराच्या मनात आदर होता यात शंका नाही, पण ज्या लोकांसाठी त्या आयुष्यभर राबल्या त्यांचीच घरं पाडून झालेल्या रस्त्याला त्यांचं नाव देण्याआधी त्या वस्तीला विचारायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

त्यांच्या हयातीत झालेली एक गोष्ट मात्र मी या सगळ्या सन्मानांच्या वर ठेवीन. १९७६ साली राज्याच्या गव्हर्नरने मान्य केलं की वीस वर्षांपूर्वी त्यांना अन्यायाने काढलं होतं, आणि त्यांची पेन्शन पुन्हा सुरू केली. त्याच सुमारास, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, क्लार्कबाई चार्ल्स्टनच्या शाळा मंडळाची निवडणूक लढल्या आणि जिंकल्या. त्यांना मत देणाऱ्यांत जॉन्स बेटावरची माणसंही होती.